कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश

मामांनी सुरतेहून आणलेल्या त्या कॅमेऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही. तो केव्हाच भंगारात गेला असेल. माझा राग मात्र शाबूत आहे.

तळहातावर मावेल एवढा काळा ठोकळा. पुढे लेन्स आणि लेन्सच्या वर, कपाळावर टिळा लावावा तसा फ्लॅश. हा फ्लॅश वेगळा नव्हता, काढता-घालता येत नव्हता, कॅमेऱ्याच्या अंगातच बसवलेला होता. तो बंद करायला बटण नव्हतं. उजेड पुरेसा आहे की नाही हे कॅमेरा स्वतः ठरवायचा आणि त्याच्या मनात आलं की चमकायचा. मामांनी तो हातात देताना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "यात माणसाला काही करावंच लागत नाही. सगळं आपोआप." काही करावं लागत नाही म्हणजे काही करताही येत नाही, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे खूश होतो.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. नाना, म्हणजे माझे वडील, दीपनगरच्या वीज केंद्रात होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. मूळ गाव धुळ्याकडचं. त्यामुळे आईशी बोलायचं ते अहिराणीत आणि दाराबाहेर पडलं की शाळेतलं मराठी, अशी आमची रीत होती. मी भुसावळच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. वय बावीस. आणि मला चष्मा होता. दोन्ही डोळ्यांना उणे आठ.

उणे आठ म्हणजे काय ते ज्यांना नंबर नाही त्यांना सांगून कळत नाही. चष्मा काढला की समोरच्या माणसाला नाक-डोळे राहत नाहीत, नुसता एक गव्हाळ गोळा राहतो. तेव्हा काचाही जाड असायच्या, बाटलीच्या बुडासारख्या. त्यात नानांनी हौसेनं माझ्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या घेतल्या होत्या. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आपल्याकडचं ऊन कडक, पोरीला या काचा बऱ्या. नानांनी पुढचा प्रश्नसुद्धा विचारला नाही. घरात पांढरा आणि उन्हात गेलं की काळा, असा तो चष्मा मी मोठ्या थाटात वापरायचे.

लग्नाचं पाहणं सुरू झालं तसा हाच चष्मा आईच्या डोळ्यांत सलायला लागला. आमच्याकडे आधी फोटो जातो. फोटो पसंत पडला तर माणसं येतात. पहिला फोटो आईनं माझ्याकडून चष्मा काढून घेऊन भुसावळच्या स्टुडिओत काढवला. त्या फोटोत मी कुठेतरी तिसरीकडेच बघतेय, कारण कॅमेरा कुठे आहे ते मला दिसतच नव्हतं. तो फोटो एरंडोलला एका घरी गेला. माणसं आली. आमच्या घरात बसून त्यांनी भजी खाल्ली, चहा घेतला, आणि मी चष्मा लावून बाहेर आल्याबरोबर त्यांच्यातल्या एका बाईनं पर्समधून फोटो काढून माझ्या तोंडाशी धरला. एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे. मग म्हणाली, "यात तर नाही हा." तिच्या नवऱ्यानं जाताना अंगणात उभं राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, 'फसवणूक' हा शब्द वापरला. नाना दाराला धरून उभे होते. त्यांनी आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं.

त्या दिवशी मी आईला सांगून टाकलं की यापुढे चष्म्याशिवाय माझा फोटो निघणार नाही. चष्मा लावलेली मी, आणि चष्म्यातून माझे डोळे दिसताहेत, असा फोटो ज्यांना चालेल त्यांनीच यावं. बाकीच्यांनी आपल्या घरी भजी तळून खावीत.

आईनं कपाळाला हात लावला. "चष्मा काढीसन काढ ना व माय फोटो. दोन मिनिटमा काय आंधयी व्हई जाशी?"

"फोटो काढताना नाही होणार. ते आल्यावर मात्र त्यांना धक्का बसतो," मी म्हटलं. तावात आले की मी तिच्याशी मराठीत बोलायचे.

चैत्राच्या सुरुवातीला धुळ्याहून मावशीचं पत्र आलं. स्थळ चांगलं होतं. मुलगा शाळेत मास्तर, घरचे शेतकरी, माणसं साधी. फोटो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत पाहिजे, कारण आखाजीला सगळी मंडळी गावी जमतात आणि तेव्हाच ते ठरवतील. हातात जेमतेम महिना होता. मोठा भाऊ म्हणाला, स्टुडिओ कशाला, घरात कॅमेरा आहे. भावानं आयटीआय केलेलं, वीज केंद्रात वायरमन. वायर असलेली कुठलीही वस्तू आपल्याला कळते असा त्याचा ठाम समज होता.

एका रविवारी त्यानं मला पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. मी आईची जांभळी, पैठणी काठांची साडी नेसले होते. त्यानं बटण दाबलं, खोलीत वीज पडली. सहा फोटो काढले. पण रोल छत्तीसचा. तो संपल्याशिवाय धुवायला कसा टाकायचा? मग उरलेले तीस फोटो संपवण्यासाठी भावानं कॉलनीतल्या शेळ्या, पाण्याची टाकी, शेजारच्यांचं बाळ, वीज केंद्राचं धुराडं, जे दिसेल ते काढलं. रोल जळगावला गेला. चार दिवसांनी परत आला.

सहाही फोटोंत माझ्या डोळ्यांच्या जागी दोन पांढरेशुभ्र गोळे होते. साडीचा काठ दिसत होता, कानातलं दिसत होतं, पडद्यावरची फुलं मोजता येत होती. डोळे तेवढे नव्हते.

आईनं एक फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. "ह्या डोया शेतस का बॅटऱ्या?" म्हणाली.

शेळ्या मात्र फार छान आल्या होत्या.

पुढच्या खेपेला भावानं मला मान वळवायला लावली, खाली घालायला लावली, वर करायला लावली. मान वळवली की एक डोळा पेटायचा आणि दुसरा दिसायचा. खाली घातली तर काहीतरी चोरून आणलेल्या मुलीसारखी दिसायचे. वर केली तर छतावर पाल शोधतेय असं वाटायचं. हे सगळं आम्हाला लगेच कळायचं नाही, हीच तर खरी गंमत. प्रत्येक चूक कळायला छत्तीस फोटो आणि चार दिवस लागायचे. आखाजी जवळ येत होती आणि आमच्याकडे शेळ्यांचे फोटो साठत होते.

मी म्हटलं, अंगणात काढू. उन्हात त्याला फ्लॅशची गरजच वाटणार नाही. हे बरोबरच होतं. अंगणात फ्लॅश चमकला नाही. पण उन्हात जाऊन उभी राहिले आणि पदर सारखा करेपर्यंत माझ्या काचा काळ्या झाल्या. नानांच्या हौसेच्या काचा! डोळ्यांचा मागमूस नाही. फोटोत काळा गॉगल लावलेली एक बाई भर दुपारी जांभळी साडी नेसून तुळशीपाशी उभी होती.

"हाई ते सिनेमामातली बाई दिसी ऱ्हायनी," आई म्हणाली. "आसा फोटो गया तर लगीन नही, पोलीस येतीन."

म्हणजे घरात राहिलं तर पांढरे डोळे आणि बाहेर गेलं तर काळे. दाराच्या उंबऱ्यात, अर्धवट सावलीत बसून पाहिलं, तर काचा निम्म्या काळ्या झाल्या आणि कॅमेऱ्याला अंधार वाटून फ्लॅशही चमकला. एका फोटोत दोन्ही दुखणी. मी तो फोटो फाडला आणि भावाच्या अंगावर टाकला. एवढ्या चिडीनं मी त्याच्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. एक साधा फोटो. माझं तोंड जसं आहे तसं कागदावर यावं, एवढंच मागणं. ते मागताना मला घरच्यांशी भांडावं लागत होतं, आणि घरचे वळले तर सुरतेच्या त्या ठोकळ्याशी.

भाऊ खजील झाला आणि खजील झाला की तो स्क्रूड्रायव्हर काढतो. आधी त्यानं फ्लॅशवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. आमच्या घरात साखर संपेल, पण टेप संपायची नाही. कॅमेऱ्यानं टेपच्या आतल्या आत फ्लॅश मारला, आपण उजेड पाडलाच आहे असं समजून फोटो काढला, आणि रोल धुवून आला तो काळा. नुसता काळा. एका कोपऱ्यात माझी बांगडी तेवढी होती.

मग त्यानं ठरवलं, फ्लॅशची वायरच तोडायची. कॅमेरा ताटात उघडला, स्क्रू एका वाटीत ठेवले, चिमटा आत घातला आणि एकदम ओरडून मागे भिंतीवर आदळला. फ्लॅशच्या पोटात साठलेली वीज त्याच्या बोटातून गेली होती. दिवसभर हजारो व्होल्टच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाला दोन पेन्सिल सेलच्या डबीनं फेकून दिलं! नाना पेपर बाजूला ठेवून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. आखाजीला नऊ दिवस उरले होते.

शेवटी आम्ही भुसावळला, पहिला फोटो काढलेल्या त्याच स्टुडिओत गेलो. मी चष्मा काढणार नाही म्हटल्यावर तिथल्या फोटोग्राफरनं अजिबात वाद घातला नाही. त्यानं ड्रॉवर उघडला आणि माझ्या हातावर एक काळी फ्रेम ठेवली. तिला काचाच नव्हत्या. "ही लावा. चमकण्याचा प्रश्नच नाही. आम्ही सगळ्यांना हीच देतो." मग सहज सांगितलं, की हल्ली पुष्कळ मुली नंबर नसतानाही ही लावून फोटो काढतात. शिकलेल्या दिसतात म्हणून.

मी ती फ्रेम लावून आरशात पाहिलं. म्हणजे पाहायचा प्रयत्न केला. काच नसल्यामुळे मला आरसाही दिसेना. आई मागून म्हणाली, "बेस दिसस. डोया मोठ्ठा दिसतस." दिसणारच. माझ्या काचांमागे डोळे बारीक दिसतात, त्या काचा गेल्यावर ते मोठे झाले. म्हणजे चष्मा आहे असंही दाखवायचं आणि चष्म्यानं होणारं काहीच दाखवायचं नाही. ही पहिल्या फोटोपेक्षाही पक्की लबाडी होती. मी फ्रेम काढून त्याच्या काउंटरवर ठेवली आणि बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. आई आतून आली तेव्हा रडवेली झाली होती. 

आमच्या ओळीतच, चार घरं सोडून, एक काका राहायचे. वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. त्यांच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली एका कपाटात त्यांचा कॅमेरा असायचा, जड, धातूचा, आणि बुद्धजयंतीच्या कार्यक्रमाचे फोटो तेच काढायचे. भावानं त्यांच्याकडे आधीच जायला पाहिजे होतं. पण आपल्या घरी मामाचा कॅमेरा असताना दुसऱ्याच्या दारात कसं जायचं, हा प्रश्न त्याला तीन आठवडे पडला होता. मीच गेले.

काकांनी आमच्या ठोकळ्याकडे पाहिलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "याच्यावर बाहेरचा फ्लॅश लावायला खाच कुठंय?"

"नाही."

"मग सोडा याला." त्यांनी कपाटातून आपला फ्लॅश काढला. तो वेगळाच होता, बिस्किटाच्या पुड्याएवढा, आणि त्याला लांब गुंडाळलेली वायर होती. "फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर बसला, की उजेड तुझ्या काचेवर आपटून सरळ लेन्समध्ये परत येणार. त्याला बाजूला नेला, वर नेला, की परत येईल तो दुसरीकडे. आपतन कोन, परावर्तन कोन. फिजिक्स घेतलं होतंस ना तू?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आठवीपासून बी.एस्सी.पर्यंत ती आकृती मी किती वेळा काढली असेल! आरसा, त्यावर लंब, इकडून किरण, तिकडे किरण, दोन्हीकडे बाण. पट्टीनं, टोकदार पेन्सिलीनं. आणि माझ्याच नाकावर दोन आरसे बसलेत हे मला सुचलं नाही. राग कॅमेऱ्याचा होता तो एकदम माझ्याकडे वळला.

त्याच संध्याकाळी काका आमच्या घरी आले. त्यांनी भावाला स्टुलावर चढवलं आणि वायर लावलेला फ्लॅश त्याच्या हातात देऊन छताजवळ तिरका धरायला लावला. भाऊ मुकाट्यानं उभा राहिला. मला म्हणाले, "माझ्याकडे बघ. नेहमी बघतेस तशी." तीन फोटो. काळा-पांढरा रोल, तो त्यांनी घरीच धुतला, आणि दुसऱ्या दिवशी प्रती आणून दिल्या.

मी त्या फोटोकडे किती वेळ बघत बसले ते सांगायला लाज वाटते. चष्मा होता, आणि चष्म्यातून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. बारीक होते. उणे आठचे असतात तसे. पण माझे होते. काचेवर कुठेही चमक नाही, ठिपका नाही.  आई एवढंच म्हणाली की कपाळावरची टिकली जरा बाजूला गेली आहे.

फोटो धुळ्याला गेला. आखाजी झाली. मावशीचं पत्र आलं: फोटो सगळ्यांना आवडला, माणसं येताहेत. मी हरखून गेले. चष्म्यासकट आवडला! मी आईला ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर टोमणा म्हणूनच वाचून दाखवलं.

ते वैशाखातल्या एका दुपारी आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मावशी. कूलर घरघरत होता आणि धुराड्याची राख बसू नये म्हणून आईनं खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या होत्या. माणसं खरंच साधी होती. मुलाच्या वडिलांनी नानांशी पाण्याच्या पाळ्यांबद्दल गप्पा सुरू केल्या. मुलाची आई माझा हात हातात घेऊन बसली. तिचा तळवा खरखरीत आणि उबदार होता. मला ती आवडली. मुलगाही बरा वाटला, तो माझ्याकडे बघून लगेच चहाच्या कपात बघायचा.

थोड्या वेळानं ती बाई माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "माय, आते काढी ठेव ना तो चष्मा. फोटोमा बेस दिसस, पन घरमा कसाले?"

मला वाटलं ती थट्टा करतेय. मी हसले.

"काढ ना. आपलीच मानसं शेतस."

"काकू, चष्मा माझाच आहे," मी म्हटलं. "रोजचा."

 तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हळूच स्वतःच माझा चष्मा उतरवून घेतला. मी अडवलं नाही. ती चष्म्यातून बघतेय एवढं मला त्या धुरकट गोळ्यावरून कळलं, आणि तिची मान मागे गेली तेही कळलं.

"नंबरना शे?"

"हो. उणे आठ."

"ओ माय!" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच दचकून.

मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. त्यांनाही वाईट वाटत होतं, आवाजावरून कळत होतं. "आम्हले वाटनं नुसती फ्रेम शे. आमनी मोठी वहूनाबी फोटो तसाच व्हता, तिले काही नंबर नही. आनी तुमना फोटोमा डोया इतला साफ दिसतस..." ते नानांकडे वळले असावेत. "काच ऱ्हाती तर चमकती ना, भाऊ?"

तीन आठवडे मी त्या चमकेशी भांडले होते. टेप लावली, मान मोडेपर्यंत वाकवली, भावाला शॉक बसला, आईला रडवलं. आणि ती चमक गेली म्हणून या लोकांना वाटलं की चष्म्यात काचच नाही. एरंडोलकरांना चष्मा नसलेल्या फोटोनं फसवलं, धुळेकरांना चष्मा असलेल्या फोटोनं. ते पांढऱ्या बॅटऱ्यांचे सहा फोटो पाठवले असते तर निदान कुणी संशय घेतला नसता! मला हसावं की ओरडावं ते कळेना. मी हात पुढे करून म्हटलं, "माझा चष्मा द्या." तो आवाज मला ओळखू आला नाही.

ते भांडले नाहीत, कुणाला फसवणूक म्हणाले नाहीत. 'कळवतो' म्हणाले. जाताना ती बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, आणि मला त्या हाताचा फार राग आला, कारण तो खरोखर मायेचा होता. मुलानं दाराशी थांबून एकदा मागे पाहिलं. मग चपला घालून गेला. आठ दिवसांनी मावशीनं कळवलं की पोरगी लाखात एक, पण पुढे लेकराबाळांना नंबर आला तर काय, असं घरात निघालं.

पत्र वाचून झाल्यावर मी काकांनी दिलेल्या उरलेल्या प्रती काढल्या. आणखी तीन ठिकाणी पाठवायच्या होत्या. मी जमिनीवर बसले, पाटावर एकेक फोटो पालथा ठेवला आणि मागे लिहायला लागले: चष्मा स्वतःचा आहे. काचा आहेत. नंबर दोन्ही डोळ्यांना उणे आठ. पेन इतकं दाबून लिहीत होते की पहिल्या फोटोवर पुढच्या बाजूनं अक्षरं उठली.

आई स्वयंपाकघरातून आली. आता अडवेल असं वाटून मी मान वर केली नाही. ती माझ्या शेजारी बसली. लिहून झालेले दोन फोटो तिनं शाई वाळायला बाजूला मांडले.

मग म्हणाली, "तू दुसरीमा व्हती, तवयपासूनच माले मालूम व्हतं."

"काय?"

"तुले दूरनं दिसस नही ते. तुना बाप गल्लीमातून ये, तू दारमा उभी, तरी वयखे नही. जोडे, पार दारपाशी उना की मंग वयखे."

मी पेन खाली ठेवलं. मला चष्मा लागला चौथीत. शाळेतून चिठ्ठी आली, नाना जळगावला घेऊन गेले, डॉक्टरांनी विचारलं की इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, आणि नाना म्हणाले, खरंच नाही आलं हो.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मी कोनले सांगं नही. तुना बापलेबी नही. पोरनी जात. इतली लहानपने चष्मा लागना म्हंजे मंग..." 

दुसरी आणि तिसरी. त्या दोन वर्षांत मला फळा दिसत नव्हता. फळ्याला अक्षरं असतात आणि ती इतर पोरांना बसल्या जागेवरून दिसतात हेच मला माहीत नव्हतं. मी शेजारणीचं बघून लिहायचे, ती हात आडवा धरायची, मग वही अर्धी राहायची. मास्तरांनी मला ढ ठरवलं होतं. अर्ध्या वहीसाठी मी शाळेत छड्या खाल्ल्या आणि घरी येऊन त्याच वहीसाठी आईच्याही हातचा मार खाल्ला. तिला माहीत होतं तेव्हाही.

हे ती विसरली नव्हती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती नेमकं तेच आठवत बसली आहे. ती रडली नाही. फोटोवर पडलेला एक केस तिनं पदरानं पुसून काढला.

"राग उना का तुले?" तिनं विचारलं.

"हा," मी म्हटलं. "उना."

ती उठून गेली नाही. मी पुढची प्रत पालथी केली आणि लिहायला लागले. तिनं पाट हलू नये म्हणून एका हातानं धरून ठेवला.